सहीच्या आधीची सहल

विठ्ठलवाडी डेपोतून कोल्हापूरची गाडी सकाळी सहाला सुटणार होती. मी पाच वाजून दहा मिनिटांनी तिथे पोचलो. अंबरनाथ पश्चिमेहून त्या वेळी रिक्षाने वीस मिनिटं लागतात, पण कुठेही जाताना अर्धा तास अडचणींसाठी धरायचा, ही माझी सवय. मंदाताई डेपोच्या मागच्या चाळीत राहते, चालत तीन मिनिटांवर. ती आली पाच पंचावन्नला. एका खांद्याला प्रवासाची बॅग, दुसऱ्या हातात भाकऱ्यांची पिशवी.

"गाडी उभी हाय ना अजून? मग असा काय बघतोस, भावड्या?"

मी बावन्न वर्षांचा आहे. एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, घरी दोन मोठी मुलं आहेत. पण ताईला मी भावड्याच. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई शेतावर असायची, त्यामुळे मला अंघोळ घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं.

ही सहल सात दिवसांची होती: कोल्हापूर, पन्हाळा, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि परत. लॉज, गाड्यांच्या वेळा, काय पाहायचं आणि काय सोडायचं, सगळं मी वहीत लिहून काढलं होतं. आमच्या भागातून कुणाला जायचं असेल तर मार्ग चांगला आहे, म्हणून तो इथे सांगतो आहे. पण सहल कशासाठी होती ते आधी सांगितलं नाही, तर पुढचं सगळं वर्णन खोटं ठरेल.

बदलापूर गावात नदीच्या बाजूला आमचं वडिलोपार्जित भातशेत आहे. होतं म्हणायला हवं. ते बिल्डरला द्यायचं दादाने, म्हणजे आमच्या थोरल्या भावाने ठरवलं होतं. सातबाऱ्यावर तीन नावं, दादाचं, माझं आणि ताईचं. ताईचं नाव निघाल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नव्हता. आमच्याकडे जमिनींना भाव आल्यापासून एक पद्धत पडली आहे. बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घ्यायची असली, की आधी तिला कुठेतरी फिरवून आणतात. पूर्वी साडीचोळीवर भागायचं. आता कुणी शिर्डीला नेतं, कुणी काशीला. त्या दोन गोष्टींचा संबंध आहे असं कुणी बोलत नाही. ताईला पाण्यातला किल्ला बघायची फार वर्षांची हौस होती. दादा म्हणाला, "तू ने तिला. तुझं ऐकते ती. परत येईपर्यंत विषय काढून ठेव. सोमवारी सही." मी हो म्हटलं आणि वही उघडली.

कोल्हापूरला पोचायला संध्याकाळ झाली. ताईचं एसटीचं तिकीट अर्धं, त्यामुळे वाटेत प्रत्येक थांब्यावरचा चहा तिने मला पाजला. "अर्धा मी वाचवला तो तुझ्याच पोटात घालते," असं तिचं म्हणणं. रात्रीच्या जेवणाला स्टँडजवळच्या खानावळीत गेलो. वाढप्याने तांबडा आणि पांढरा रस्सा (एक झणझणीत, दुसरा नारळाच्या दुधातला) शेजारी शेजारी ठेवला. ताईने तांबड्याला हात घातला तसा तो म्हणाला, "मावशी, आधी पांढरा घ्या. नंतर तांबडा. उलटं केलासा तर जीभ रुसती."

"माझी जीभ रुसणारी असती तर संसार झाला असता का?" ताई म्हणाली आणि तांबडा प्यायली. तो वाढपी त्यानंतर तिच्या ताटावरून हललाच नाही. रस्सा चार वेळा आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंबाबाईचं दर्शन उरकलं. पहाटे गेल्यास पाऊण तासात होतं, नंतर दोन तास धरावे लागतात. तिथून पन्हाळ्याची गाडी पकडली. माझ्या यादीत तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जा कोठी आणि अंबारखाना (धान्याचं कोठार) होतं. स्टोअरमध्ये आयुष्य गेल्याने अंबारखान्यात मी रमलो. एवढ्या उंच भिंती, वरून धान्य ओतायची भोकं, हवा खेळेल पण पाणी शिरणार नाही अशी रचना. मी मनातल्या मनात पोती मोजत होतो. ताई भिंतीला हात लावून उभी होती.

"एवढा भात कोणी लावला असंल रे?" ती म्हणाली. "भिंत कोणी बांधली त्याचा बोर्ड हाय. लावणारीचा कुठं हाय?"

आमच्या शेतात लावणीला ती दहाव्या वर्षापासून उतरत होती. मी कधी उतरलो नाही. मला शिकवायचं ठरलं होतं. हे मला तिथे आठवलं, आणि यादीतलं पुढचं ठिकाण आहे म्हणून मी तिला चल म्हटलं.

बाहेर मुंबईकडच्या पोरांचा एक घोळका फोटो काढत होता. ताईने त्यातल्या एकाच्या पँटीकडे पाहून मला कोपर मारलं. "ती जीन्स बघ. आपल्या पाच नंबरची हाय." पाच नंबर म्हणजे उल्हासनगरचा पाच नंबरचा कॅम्प. तिथल्या कारखान्यांतून येणाऱ्या जीन्सचे धागे कापायचं काम ताईने घरी बसून वीसेक वर्षं केलं आहे. नवरा गेल्यावर मुलाला तिने त्यावरच वाढवलं. ती त्या पोराजवळ गेली आणि म्हणाली, "बाळा, ह्या खिशाचा धागा राह्यलाय. ओढू नको, उसवंल." पोरगा गोंधळला, मग हसला, मग त्याने तिच्यासोबत फोटो काढला.

तिसऱ्या दिवशी कोल्हापूर ते मालवण, फोंडा घाटातून. या गाडीत डाव्या बाजूची खिडकी घ्यावी. राधानगरीला गाडी दहा मिनिटं थांबली. पाण्याची बाटली घ्यायला उतरताना मी वही ताईच्या हातात दिली. "मालवणला किती वाजता पोचतो ते बघून ठेव," असं सांगून गेलो. एवढ्या वर्षांत मी माझी वही कुणाच्या हातात दिलेली नाही. त्या दिवशी दिली.

परत आलो तेव्हा वही तिच्या मांडीवर उघडी होती. ताई सातवीपर्यंत शिकली आहे आणि तिचं वाचन स्वच्छ आहे. बोट ज्या ओळीवर होतं ती गुरुवारची होती: 'ताईशी सहीचा विषय काढणे. किल्ला पाहून झाल्यावर. मूड बघून.'

"किल्ला बघायचा बाकी हाय," ती म्हणाली. "पण मूड आज चांगला हाय. काढ विषय."

गाडी सुटली. मी पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली, तिने घेतली नाही. मी जे बोललो ते सगळं मुद्देसूद होतं. जमीन एकत्र गेली तरच जाते. दादाने एवढी वर्षं ती सांभाळली. तिला मोकळ्या हाताने पाठवणार नाही, दादा तिला साजेसं काहीतरी देईल. घाट सुरू झाला तेव्हा माझे मुद्दे संपले होते. ताई खिडकीतून दरीकडे बघत होती.

"मना कवाच म्हायती होता," ती म्हणाली. "दादाने आयुष्यात कधी मना कुठं नेला नाय. तू मात्र सांगशील आधी, असा वाटला होता. विठ्ठलवाडीलाच सांगितला असतास तरी मी आले असते."

त्यानंतर मालवणपर्यंत ती भाकरी आणि चटणीशिवाय कशाविषयी बोलली नाही. मी वहीत त्या ओळीपुढे टिक केली. कामं झाली की टिक करायची सवय हातालाच लागलेली आहे.

मालवण. गुरुवारी सकाळी नऊच्या होडीने आम्ही सिंधुदुर्गावर गेलो. होडीवाले तासाभराने परत बोलावतात, पण तास कमीच पडतो, तेव्हा आधीच बोलून दोन तास मागून घ्यावेत. ताई होडीत पुढे बसली. लाट आली की दोन्ही हातांनी कठडा धरायची आणि हसायची. किल्ल्याच्या दरवाजात शिरल्यावर ती थांबली, मागे वळून पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "खरंच की रे. चारी अंगाला पाणी." मनाविरुद्ध मलाही फार बरं वाटलं.

समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. एका विहिरीजवळ एक बाई घागर भरत होत्या. किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात, त्यांतल्या त्या एक. त्यांनी विचारलं, "खयसून इलास? (कुठून आलात?)"

"विठ्ठलवाडी. कल्याणच्या पुढं," ताईने सांगितलं आणि लगेच विचारलं, "तुम्ही इथंच राहता? बारा महिने?"

"पावसात किनाऱ्यार जातो. होडये बंद असतत मां. (होड्या बंद असतात ना.) पाऊस सरलो की परत."

"एवढी ये-जा कशाला? तिकडंच राहायचं."

त्या बाईंनी घागर डोक्यावर घेतली. "घराक माणूस लागता, बाय. माणूस नसला की घर आपणाक इसारता. (आपल्याला विसरतं.)"

ताईने त्यांच्याकडून ओंजळभर पाणी मागून घेतलं. प्यायली, उरलेलं तोंडावर मारलं. तटावरून आम्ही पूर्ण फेरी मारली. ती पुढे, मी मागे. बुरुज आला की ती मला हाक मारायची, "ये, इथनं बघ." विषय तिने पुन्हा काढला नाही. मला वाटलं, मिटला.

त्या दुपारचं जेवण लिहून ठेवण्यासारखं आहे. बांगड्याचं तिखलं, तळलेली सुरमई, भात आणि सोलकढी. ताईने तिखल्यात त्रिफळं (वासासाठी घालतात ती मसाल्याची फळं, चावायची नसतात) ओळखली नाहीत, एक चावलं, जीभ बधिर झाली आणि पाच मिनिटं बोबडं बोलत राहिली. मी इतका हसलो की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. सहलीतला तो सगळ्यात चांगला अर्धा तास. त्याच्या आधी आणि नंतर जे घडलं ते घडलं नसतं, तर तो तेवढाच चांगला राहिला असता.

वेंगुर्ल्याला आम्ही शुक्रवारी होतो. बंदरावर जुना धक्का आहे, वर टेकडीवर दीपगृह, बाजारात काजूची दुकानं. संध्याकाळी वाळूवर बसलो. ताईने चपला काढून शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ पायाने वाळूत रेघा ओढत होती. मग म्हणाली, "भावड्या, एक गुंठा राखता येणार नाय का?"

"कसला?"

"आपल्या शेतात. विहिरीकडच्या कोपऱ्यात. एक खोली बांधीन. चाळीला नोटीस लागली, तुला म्हायती हाय. पोराचा पगार भाड्यात जाणार. मना बिल्डरचा काय नको, दादाचा पण काय नको. बाकी सगळ्यावर सही करते. तेवढा एक गुंठा."

तिच्या चाळीवर धोकादायक इमारतीची नोटीस लागल्याचं मला ठाऊक होतं. तिथल्या भिंतीला हात लावला तर पोपडे हातात येतात.

मी म्हटलं, "प्लॅनमध्ये कोपरा निघत नसतो, ताई. सलग जागा लागते त्यांना."

"तू प्लॅन बघितलास?"

मी बघितला नव्हता.

"मग दादाला विचारून तर बघ. नाय म्हणाला तर नाय. मी गप सही करीन. पण विचार."

"विचारतो," मी म्हटलं. तिच्यासमोर वही काढली आणि लिहिलं: 'दादाला फोन. विहिरीकडचा एक गुंठा.' तिने ती ओळ वाचली, मान हलवली आणि चपला घातल्या.

शनिवारी सावंतवाडी. मोती तलावाला लागून राजवाडा आहे. तिथे लाखकामाची लाकडी खेळणी आणि गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) पाहायला मिळतात. कारागीर कसे बसून रंग भरतात तेही बघता येतं. ताई त्यांच्यापाशी बसून राहिली आणि एका बाईंशी बोटांच्या दुखण्याबद्दल बोलू लागली. धागे कापून तिचाही अंगठा दुखतो. तेवढ्यात मी तलावाच्या कट्ट्यावर जाऊन दादाला फोन लावला.

दादा कुणाच्या तरी हळदीला होता. मागे बेंजो वाजत होता. तो ओरडून बोलत होता.

"बोल! कुठं पोचलात?"

"सावंतवाडी. उद्या सकाळी ठाण्याला उतरतो."

"ताई तयार हाय ना?"

"हो."

"बाकी काय?"

मी तलावाकडे बघत होतो. मला वाटलं, या गोंगाटात नको. उद्या समोरासमोर विचारू. मला असंही वाटलं, आणि हे लिहायला जड जातं, की दादा चिडला तर माझाही व्यवहार लांबेल. माझा वाटा होता त्यात. मुलीचं लग्न ठरत होतं.

"बाकी काही नाही," मी म्हटलं.

आत आलो. ताईने भुवया उंचावून विचारलं. मी म्हटलं, "हळदीला आहे. आवाज येत नव्हता." फोन झाला नाही असं मी म्हटलं नाही, आणि झाला असंही नाही. तिने नातीसाठी लाकडी भातुकली घेतली होती. चूल, पाटा, जातं. ती काढून मला दाखवू लागली.

रविवारी सकाळी ठाण्याला उतरल्यावर मी तिला विठ्ठलवाडीला सोडणार होतो. ती म्हणाली, "आधी शेत दाव. एवढं सगळं दावलंस, आपलंच नाय दावलंस." यादीत नव्हतं, पण गेलो. बदलापूर गावातली जुनी घरं, देऊळ, मग नदीकडे उतरणारा रस्ता. तीन-चार वर्षांत मीही तिकडे फिरकलो नव्हतो.

शेताला चारी बाजूंनी निळे पत्रे लागले होते. गेटवर खुर्ची टाकून वॉचमन बसला होता.

"अम्मा, अंदर अलाउड नहीं है."

"ये मेरे बाप का खेत है," ताई म्हणाली.

"होगा. साइट ऑफिस में पूछ के आओ. आज संडे है, बंद है."

दादाने सहीच्या आधीच ताबा दिला होता. मला हे माहीत नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल. ताई पत्र्याच्या कडेने चालत गेली. दोन पत्र्यांमध्ये एक फट होती, तिला डोळा लावून उभी राहिली. मग मला जागा दिली. आत सगळीकडे मुरूम पसरून सपाट केलं होतं. विहिरीकडच्या बाजूला एक रोलर उभा होता.

"बांध कुठं गेलं रे?" ती म्हणाली. "बांधावरून तर मी तुला शाळेत नेत होते."

तेव्हाही वेळ होता. रविवारची सकाळ होती, दादाचं घर गावातच, चालत दहा मिनिटांवर. मी ताईला घेऊन त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो असतो, तर त्याला काहीतरी उत्तर द्यावंच लागलं असतं. मी म्हटलं, "ऊन चढलंय, चल. दादाशी मी बोलतो." ती लगेच निघाली. माझ्यावर विश्वास होता म्हणून निघाली, की नव्हता म्हणून, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

सोमवारी निबंधक कार्यालयात आम्ही अकराला पोचलो. आधार कार्डाच्या प्रती, फोटो, ओळखीचे दोन साक्षीदार, सगळं मी आदल्या दिवशीच एका फाइलमध्ये लावून ठेवलं होतं. दादा माझ्या शेजारी बसला होता. ताई पलीकडे. तिने दोनदा माझ्याकडे वळून बघितलं. मी दोन्ही वेळा फाइल चाळली.

आमचा नंबर आला. साहेब वयाने तरुण आणि बोलायला चांगले होते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "मावशी, कागदात काय लिहिलंय माहीत आहे ना? हक्क सोडताय तुम्ही. कुणी जबरदस्ती केली नाही ना?"

"नाय साहेब," ताई म्हणाली. "भावाने सिंधुदुर्ग दावून आणला."

सगळे हसले. दादा हसला, साक्षीदार हसले, साहेबही हसले. ताईने मशीनवर अंगठा ठेवला. तो पटकन उमटेना. धागे कापून तिच्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्या आहेत. साहेबांनी ओल्या फडक्याने पुसून पुन्हा ठेवायला लावला, तेव्हा तिसऱ्या खेपेला उमटला.

ताई रिक्षात बसून गेल्यावर, टपरीवर चहा घेताना, मी दादाला विहिरीकडच्या गुंठ्याचं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. "मग विचारायचं होतंस की! कोपऱ्याची जागा ते गार्डनला सोडणार होते. बोललो असतो मी. तुला फोनवर विचारलं नव्हतं, बाकी काय म्हणून?"

सही झाल्यावर असं म्हणणं सोपं असतं, हे मला कळतं. दादा तेव्हा काय बोलला असता ते कुणी सांगू शकत नाही. पण तो खोटं बोलतोय असंही मला म्हणता येत नाही, कारण मी विचारलं नव्हतं.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. ताई मुलासोबत भाड्याच्या खोलीत गेली आहे, बदलापूरपासून आणखी पुढे. सणावाराला येते, माझ्या मुलीच्या लग्नात चार दिवस आधीपासून येऊन राबली. पन्हाळ्याचे, मालवणचे फोटो ती सगळ्यांना कौतुकाने दाखवते. सहल चांगली झाली, हे खरंच आहे. मार्गही तोच सुचवेन: कोल्हापूर आधी, समुद्र नंतर, परतताना सावंतवाडी. वेळा जमतात, धावपळ होत नाही. ज्याच्यासोबत जाणार आहात त्याच्याशी जे बोलायचं असेल ते मात्र निघण्याआधी घरात बोलून घ्या.

गेल्या महिन्यात मी तिला म्हटलं, "ताई, या थंडीत मुरुड-जंजिरा करू. तोही पाण्यातला किल्ला आहे. आपण दोघंच. सगळं मी बघतो."

ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकला, माझ्याकडे बघून अगदी प्रेमाने हसली.

"आता कुठला कागद राह्यला, भावड्या?"